चेंडूवरचा फेटा

त्या रविवारी सकाळी सिद्धू आला तो नेहमीसारखाच दार बडवत. बेल आहे, चांगली वाजते, पण माझ्या धाकट्या भावाने ती कधी दाबली नाही. राजारामपुरीतल्या आमच्या अख्ख्या इमारतीला कळायचं, बाईंचा भाऊ आला. आत आल्यावर चपला काढण्यावरून माझा ओरडा खाल्ला आणि मग खुर्चीवर न चढता, नुसता हात लांब करून त्याने कपाटावरचं स्टीलचं पातेलं खाली घेतलं. त्या पातेल्यात रग्बीचा एक जुना चेंडू उभा केलेला, आणि चेंडूच्या वरच्या टोकावर एक बांधलेला फेटा, डोक्यावर असावा तसा. चेंडूच्या कुशीतल्या भोकात थुंकी लावलेली सुई घालून त्याने पंपाने हवा भरली, फेट्याला जराही धक्का लागू न देता. अंगठ्याने चेंडू दाबून बघितला. सगळं पुन्हा जागेवर ठेवलं आणि मगच मला विचारलं, "आक्का, खायला काय हाय?"

थालीपीठं होती. खाल्ली, दह्याला नावं ठेवली, पुन्हा त्याच दह्याची वाटी पुढे केली. "दुपारी येतो, मटण कर," म्हणाला आणि मैदानावर गेला. तो शिकवायचा त्या रग्बीच्या मुलींचा सराव होता. बारा वाजायच्या आत त्याच्यासोबत शिकवणाऱ्या बाईंचा फोन आला. मुलींना पळायला सांगून, शिट्टी तोंडात धरून, सिद्धू हिरवळीवर बसला होता. कधी बसत नसे, म्हणून त्या बघायला गेल्या... दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं. त्याचं हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. इकडे गॅसवर मटण शिजत होतं आणि मी फोन हातात धरून ते ढवळत होते. काय करत होते, माझं मला कळत नव्हतं.

याला काही आठवडे झाले. रडून झालं, अजूनही रडते, ते माझं मी बघेन. पण भेटायला येणारे हळहळत एकच सांगतात, की एवढा दणकट माणूस, क्रिकेट खेळला असता तर नाव झालं असतं, रग्बी कोण बघतंय आपल्याकडे... हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. मी शाळेत मराठी शिकवते, जिभेला वळण आहे, म्हणून चहा देऊन त्यांची बोळवण करते. माझ्या भावाची कीव करावी असं त्याच्या आयुष्यात काहीही नव्हतं. त्याला जे हवं होतं ते त्याने मिळवलं, आणि तेही सगळ्यांत अवघड माणसाकडून मिळवलं. त्या माणसाचं नाव दत्तू वस्ताद.

आम्ही कोडोलीचे. वडील साखर कारखान्यात कामाला होते. सकाळी घरात बुद्धवंदना झाल्याशिवाय चहा मिळत नसे, आणि सिद्धू वंदनेलासुद्धा भाकरीचा तुकडा मुठीत लपवून उभा राहायचा. शेवटी एक दिवस वडिलांनी त्याला धरून तालमीत नेलं. दत्तू वस्तादांनी त्याचे दंड चाचपले, मान वळवून बघितली आणि म्हणाले, "सोडा हितं. खायला तुम्ही घाला, मार मी घालतो." तेव्हापासून त्याच्या सकाळी दोन झाल्या. घरात त्रिशरण, तालमीत मारुतीला नमस्कार. दोन्हीकडे तो मनापासून हात जोडायचा. लाल मातीत ताक, तेल, हळद, कापूर मिसळलेला असायचा, त्याचा वास त्याच्या अंगाला कायमचा बसला. आई म्हणायची, ह्याला फोडणी देऊन ठेवलाय वस्तादांनी.

वस्तादांची शिकवण एका ओळीची होती, "धरलं की सोडायचं न्हाई." आणि त्यांच्या तालमीचा एक रिवाज होता. पोरगं पहिली मोठी कुस्ती मारून आलं, की वस्ताद स्वतःच्या हाताने त्याला फेटा बांधायचे. तोपर्यंत त्या पोराने कुणाच्याही हातून फेटा बांधून घ्यायचा नाही. लग्नकार्यात नाही, जत्रेत नाही, मिरवणुकीत नाही. माझ्या लग्नाच्या फोटोत झाडून सगळे पुरुष फेट्यात आहेत, अगदी माझे अशक्त सासरेसुद्धा. फक्त माझा पाठचा भाऊ बोडका उभा आहे. मी तेव्हा त्याच्यावर चिडले होते. तो म्हणाला, "आक्का, वस्तादांनी बांधला की पयला तुलाच दावायला यीन." त्या शब्दांत सिद्धूचं सगळं आयुष्य होतं, हे मला पुढे कळलं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तो शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजसाठी पुण्याला गेला. वस्तादांनीच पाठवला, शिकलेला पैलवान असावा म्हणून. तिथल्या मैदानावर संध्याकाळी परदेशी विद्यार्थी रग्बी खेळायचे. एकदा त्यांना एक गडी कमी पडला. कडेला जोर काढत बसलेला हा धिप्पाड मुलगा त्यांना दिसला आणि त्यांनी त्याला आत ओढला. नियम सांगितला तो एवढाच, की चेंडू घेऊन पळणाऱ्याला पाडायचं. मग काय विचारता! सिद्धूने आधी मांडीवर शड्डू ठोकला. एक ताडमाड पोरगा चेंडू घेऊन आला, त्याच्या दोन्ही पायांना मिठी घालून सिद्धूने दुहेरी पट काढला आणि त्याला धाडकन पाडलं. इथवर सगळे खूश. पण रग्बीत पाडलं की लगेच सोडायचं असतं, उठून चेंडूकडे धावायचं असतं. हे महाराज त्याच्या छातीवर बसले, त्याचे दोन्ही खांदे मातीला लावले आणि पंचाकडे बघत राहिले, चीत झाला हे त्यांनी सांगावं म्हणून. तेवढ्यात घरंगळलेला चेंडू समोरच्यांनी उचलला आणि पलीकडे जाऊन टेकवलासुद्धा. शिट्टी वाजली. ती आपल्याच विजयाची समजून सिद्धू उठला, माती कपाळाला लावली आणि हात वर करून मैदानाला फेरी मारायला निघाला. त्याचा कप्तान डोकं धरून खाली बसला होता.

ही गोष्ट सिद्धू स्वतःच रंगवून सांगायचा, फेरीसकट. पण त्या संध्याकाळी त्याला काहीतरी लागलं होतं खरं. मला म्हणाला होता, "कुस्तीत समोर एकच असतोय गं. हितं एकाला पाडूस्तोवर दुसरा येतोय, आन् आपला गडी पडला तर आपण धावायचं. लई ग्वाड खेळ हाय." पुढचं वर्षभर तो एकच गोष्ट शिकत होता, सोडायची. धरायला त्याला कुणी शिकवावं लागलं नाही. पण पाडल्यावर हात उघडायचा, हे त्याच्या अंगाला पटतच नव्हतं. शिट्ट्या खात, कप्तानाच्या शिव्या खात, अखेर ते त्याला साधलं. आणि ज्या दिवशी साधलं, त्या दिवशी त्याच्यासारखा गडी पुण्यात दुसरा नव्हता.

कुस्तीसाठी गावी येणं कमी झालं, तशी वस्तादांना कुणकुण लागली. सिद्धूने लपवलं नाही, तालमीत जाऊन सगळं सांगितलं. मी तेव्हा माहेरी आले होते, तालमीच्या बाहेर उभी होते. वस्तादांचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. "पाडायचं आन् सोडून द्यायचं? ह्यो खेळ हाय व्हय? लाल माती सोडून पळापळी कराय लागलास!" मग वस्ताद म्हणाले, हळू आवाजात, आणि तेच मला जास्त लागलं, "तुझ्यासाठी फेट्याचं कापड आणून ठिवलंय रं म्या... ऱ्हाऊ दे आता तसंच." सिद्धू बाहेर आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

तरी तो खेळत राहिला. आधी मुंबईच्या एका क्लबाकडून खेळला, आणि मग श्रीलंकेतल्या एका क्लबाने त्याच्याशी चक्क करार केला. खेळायचा पगार! आईला हे समजावताना माझी दमछाक झाली. "खेळायचा पगार व्हय? आन् काम काय करायचं?" "काम तेच गं आई." "मग काम कवा करायचं?" शेवटी तिने शेजारीपाजारी सांगून टाकलं, की पोराला लंकेत नोकरी लागली, आणि विषय संपवला. तिकडे हंगामामागून हंगाम सिद्धूने गाजवले. तिथले प्रेक्षक त्याला 'पैलवान' म्हणूनच हाका मारत. हा शब्द त्याने स्वतःच त्यांना शिकवला होता. एरवी फोनवर तो खाणं, दुखापती, पाऊस असं काहीबाही बोलायचा, आणि ठेवताना हमखास विचारायचा, "वस्ताद बरं हाईत न्हवं? काय म्हनालं का?" वस्ताद काही म्हणालेले नसायचे. मी म्हणायचे, बरे आहेत.

मग तो देशाच्या संघात निवडला गेला. कोडोलीला मंडप पडला, हलगी कडाडली, एका पुढाऱ्याच्या हाताने सत्कार ठरला. ताटात नारळ, शाल आणि गुलाबी फेटा. पुढारी फेटा घेऊन पुढे आले आणि सिद्धूने डोकं मागे घेतलं. "साहेब, शाल चालंल. फेटा नगं." मंडपात कुजबुज सुरू झाली, पोरगा शेफारला म्हणून. एवढा देशाचा खेळाडू झालेला माणूस, पण रिवाज मोडायला तयार नाही, आणि ज्यांचा रिवाज ते वस्ताद मंडपाच्या टोकाला खांबाला टेकून उभे. त्यांनी बघितलं. आणि तसेच निघून गेले.

आता मात्र माझं टाळकं सटकलं. दुसऱ्या दिवशी मी तालमीत जाऊन उभी राहिले. बायकांनी आत यायचं नसतं, म्हणून उंबऱ्याबाहेरूनच तोफ डागली. "वस्ताद, मुंबईत परदेशी संघ आलाय, सिद्धू खेळणार हाय. बघितल्याबिगर नावं ठेवायला तुम्ही काय माझी सासू हाय व्हय?" जोर काढणारी पोरं होती तशी थिजली. वस्ताद माझ्याकडे बघत राहिले आणि मग एवढ्या मोठ्याने हसले, की वळचणीची पारवं उडाली. "सासू चांगली हाय न्हवं तुझी?" म्हणाले. मी म्हटलं, "तिचं नंतर सांगतो. येताय का न्हाई?" आले.

एस.टी.त शेजारी बसून मी त्यांना खेळ समजावला. मला तरी कुठे सगळा कळत होता! मांडीवरचं भाकरीचं गाठोडं घेतलं आणि सांगितलं, हा चेंडू. समोरचे हा चेंडू घेऊन आपल्या मागच्या रेषेपलीकडे येणार आणि जमिनीला टेकवणार. टेकला की त्यांचे गुण. नुसतं पलीकडे येऊन भागत नाही, टेकला पाहिजे. वस्तादांनी गाठोडं हातात घेऊन बघितलं. "म्हंजे मातीला लागलं की गेलं," म्हणाले.

मैदानात ते धोतर-सदऱ्यात, डोक्याला त्यांचा जुना फेटा, माझ्या शेजारी ताठ बसले. आजूबाजूला सगळे गॉगलवाले. सामना सुरू झाला आणि पहिल्याच धडकेला वस्ताद ओरडले, "दुहेरी पट!" मग थांबेचनात. कोण कुणाला कुठल्या डावाने पाडतंय हे सगळ्या ओळीला ऐकू जात होतं, आणि दर वेळी सिद्धूने गडी पाडून सोडला की यांचा चडफडाट, "सोडतोस कशाला? धर की!" पण अर्ध्या वेळेनंतर त्यांचं ओरडणं कमी झालं. ते पुढे वाकून बघायला लागले. सिद्धू पाडत होता, सोडत होता, उठत होता, पुन्हा पाडत होता. चार माणसांशी एकाच वेळी कुस्ती चालली होती म्हणा ना.

शेवटची मिनिटं आली. आपण पुढे होतो, पण जेमतेम. त्यांनी एकदा चेंडू टेकवला असता तर सामना गेला असता. त्यांचा सगळ्यांत दांडगा गडी चेंडू छातीशी धरून आला, आपली दोन माणसं त्याने उडवली आणि रेषा ओलांडली. आता फक्त खाली पडायचं बाकी होतं. एवढ्यात सिद्धू त्याच्या पोटाखाली शिरला. वस्ताद उभे राहिले. "कलाजंग!" खाली शिरून गडी खांद्यावर उचलायचा आणि पाठीवर आपटायचा, तो हा डाव. सिद्धूचा हातखंडा. त्याने तो पहाडासारखा माणूस उचलला... आणि आपटलाच नाही. तसाच धरून ठेवला. आपटला असता तर चेंडू मातीला लागला असता. वरून त्यांचे चार-पाच जण येऊन रेटायला लागले, सिद्धूच्या मांड्या थरथरताना आम्हाला लांबून दिसत होत्या. सवयीनं वस्तादांच्या तोंडातून आलं, "टाक! टाक खाली!" आणि मग एकदम त्यांना कळलं. माझा हात त्यांनी इतका घट्ट धरला की बांगडी फुटली. आयुष्यभर पोरांना माणूस मातीला लावायला शिकवत आलेला तो म्हातारा घसा फाटेस्तोवर ओरडत होता, "टेकू देऊ नगंस! सिद्ध्या, टेकू देऊ नगंस!"

पंचांनी शिट्टी दिली. चेंडू टेकला नव्हता. तेव्हाच सिद्धूने त्याला खाली ठेवला, अलगद, नुकत्याच उठलेल्या आजाऱ्याला उभं करावं तसा. थोड्याच वेळात सामना संपला. आपण जिंकलो होतो.

मैदानात सोडत नव्हते, पण वस्तादांना अडवणार कोण? चिखलाने माखलेला सिद्धू त्यांना बघून जागच्या जागी उभा राहिला. कप्तानाने सामन्याचा चेंडू त्याच्याकडे दिला होता, तो काखेत तसाच राहिला. वस्ताद म्हणाले, "धरायला मी शिकीवलं. सोडायला तू शिकलास. आन् आज धरून, न टाकता उभा ऱ्हायलास... हे माझ्या बाला बी जमलं नसतं." मग त्यांनी स्वतःच्या डोक्यावरचा फेटा उलगडला. मी सांगते ना, तो खडूस म्हातारा ढसाढसा रडत होता आणि पीळ घालत होता, आणि माझा सहा फुटी भाऊ पोरासारखा गुडघ्यावर बसला होता. शेवटचा शेव खोचून झाल्यावर सिद्धूने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "आक्का, कसा दिसतोय?" त्याच्यासारखा देखणा माणूस मी जन्मात पाहिला नाही.

परत येताना वस्ताद उघड्या डोक्याने आले. आमच्याकडे त्या वयाचा माणूस उघड्या डोक्याने गावात आला म्हणजे घरात काहीतरी वाईट घडलं. स्टँडवर एकाने घाबरून विचारलं, "कोण गेलं वस्ताद?" वस्ताद म्हणाले, "कोण गेलं न्हाई. पोरगं जिकलं." आणि तालमीपर्यंत तसेच ताठ चालत गेले.

सिद्धूने तो फेटा परत उलगडला नाही. वस्तादांच्या हाताचा पीळ मोडेल म्हणाला. कोडोलीच्या घरात उंदीर, म्हणून आणून माझ्या कपाटावर ठेवला, त्याच सामन्याच्या चेंडूवर, म्हणजे आकार राहील. पण चेंडू जुना झाला, हवा उतरायला लागली, चेंडू खचला की फेटा सैल व्हायचा. म्हणून दर थोड्या दिवसांनी हा पंप घेऊन हजर. गुडघ्याने दगा दिल्यावर खेळ थांबला, पण हा बसून राहिला नाही. शाहूवाडीच्या डोंगरातल्या, चिखलात भात लावून मांड्या तयार झालेल्या मुली त्याने गोळा केल्या आणि "धर, पाड, सोड, ऊठ" शिकवून त्यांना राज्यात जिंकवलं. सराव बघायला वस्ताद कडेला खुर्ची टाकून बसायचे. मुलींवर ओरडायचे, पण आता योग्य ठिकाणी.

सिद्धू गेल्यावर घरात पुण्यानुमोदनाची वंदना ठेवली, तिला वस्ताद आले. सगळे त्रिशरण म्हणत होते, त्यांना शब्द येत नव्हते, हात जोडून उभे राहिले. डोकं उघडं होतं. या वेळी कुणी काही विचारलं नाही. नातेवाइकांपैकी कुणीतरी म्हणालं, तो फेटा आणून फोटोवर ठेवूया. वस्ताद एवढंच बोलले, "फोटूवर न्हाई. त्येनं ठिवलाय तितंच असू दे."

परवा ते माझ्याकडे आले. चहा घेतला आणि कपाटाकडे बघत बसले. मीही बघितलं. फेटा एका अंगाला कलला होता, कड पातेल्याला लागायला आली होती. चेंडू खचत होता... मी पातेलं उतरवून त्यांच्यापुढे ठेवलं. वस्तादांनी पीळ सावरायला हात पुढे केले, पण त्यांच्या हातांना आता कंप आहे. बोटं फेट्याजवळ जाऊन थरथरत राहिली. त्यांनी ती मागे घेतली आणि मांडीखाली दाबून धरली. हा फेटा सुटला तर परत बांधणारे हात आता नाहीत, हे आम्हा दोघांनाही समजलं.

पंप सिद्धू इथेच ठेवून गेला होता, दाराच्या मागे. मी सुई काढली, तो लावायचा तशी थुंकी लावली, आणि फेट्याला धक्का न लावता चेंडूच्या कुशीत घातली. पहिल्यांदा हवा फुस्सकन बाहेर गेली. फेटा अजून खाली आला. वस्ताद खुर्चीतून पुढे सरकले.

"टेकू देऊ नगं, पोरी," ते म्हणाले.

मी पदर खोचला आणि जोर लावला. चेंडू हळूहळू ताठ झाला. फेटा उठला, सरळ झाला, आणि बसला.